बदलांची नोंदवही : घरच्या साठवण यंत्रावर आवृत्ती-भांडाराची उभारणी

(तालुका पातळीवरील एका प्रशिक्षण वर्गात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजच्या वर्गासाठी जो विषय ठरविण्यात आला आहे त्याचे नाव थोडे बोजड आहे. घरातील संगणकांच्या जाळ्यावर जे साठवण यंत्र असते, त्याच यंत्रावर आवृत्ती-नियंत्रणाचा सर्व्हर कसा उभारावा, असा हा विषय आहे. हे काम केवळ संगणक अभियंत्यांचे, असा आपला समज होणे स्वाभाविक आहे. परंतु यामागील तत्त्व आपणांस मुळीच नवे नाही. म्हणून प्रथम तत्त्वाविषयी, नंतर यंत्राविषयी आणि शेवटी त्यासाठी लागणाऱ्या शिस्तीविषयी मी बोलणार आहे.

गाव नमुना सहा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या गावाच्या दप्तरात दोन गोष्टी एकमेकींना धरून असतात. सातबाऱ्याचा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही स्थिती कोणत्या मार्गाने आली ते सांगते. वारसाने, खरेदीने अथवा वाटपाने हक्कात बदल झाला की त्याची नोंद क्रमांकाने घेतली जाते. कोणता बदल, कोणत्या दिवशी, कशाच्या आधारे, हे तीत लिहिलेले असते. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव खरवडून काढीत नसत. त्याला कंस करून नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत असत. एखाद्या नोंदीवर हरकत आली, तर ती दडपली जात नाही. तिच्यासाठी नमुना सहा-अ ही विवादग्रस्त प्रकरणांची निराळी नोंदवही असते.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे हीच पद्धत संगणकातील फायलींना लावणे होय. फाईल आज जशी आहे तो तिचा सातबारा, आणि तिच्यात वेळोवेळी झालेले बदल ही तिची फेरफार नोंदवही. प्रत्येक नोंदीत बदल कोणता, कोणी केला, केव्हा केला आणि का केला, या चार प्रश्नांची उत्तरे असतात. दोघांनी एकच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलली, तर ही प्रणाली कोणा एकाचे काम गुपचूप पुसून टाकीत नाही. ती थांबते, दोन्ही मजकूर समोर ठेवते आणि निर्णय माणसावर सोपविते.

याची गरज किती आहे, हे शिक्षक मित्रांना सांगावयास नको. तीन शाळांतील तीन शिक्षक मिळून एक प्रश्नपेढी तयार करतात. पेनड्राइव्हवरून ती इकडून तिकडे फिरते. थोड्याच दिवसांत ‘प्रश्नपेढी-अंतिम’, ‘प्रश्नपेढी-अंतिम-२’ आणि ‘प्रश्नपेढी-अंतिम-खरी’ अशा तीन फायली तयार होतात. यांपैकी खरी कोणती, कोणाची दुरुस्ती कोणत्या फायलीत राहिली, हे कोणालाच सांगता येत नाही. गावच्या बोलीतील शब्दांचा संग्रह असो, पाणलोटाच्या निरीक्षणांचे तक्ते असोत की विद्यार्थ्यांनी लिहिलेली संगणकाची आज्ञावली असो, अनेक हातांनी वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रत्येक कामावर हा प्रसंग येतो.

या साधनाची वाटचाल

या प्रश्नावर उपाय शोधण्याचे प्रयत्न अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रोकिंड यांनी १९७२ साली अशी पहिली प्रणाली रचली. १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिकी यांची आरसीएस ही प्रणाली आली. पुढे १९८६ साली सीव्हीएस आणि २००० साली सबव्हर्जन यांचा आरंभ झाला. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही प्रणाली लिहावयास घेतली. लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरली जाणारी प्रणाली विनामूल्य मिळणे बंद झाले, हे त्याचे तात्कालिक कारण होते.

सबव्हर्जन आणि गिट यांतील एक फरक आपण लक्षात ठेवला पाहिजे. सबव्हर्जनमध्ये संपूर्ण इतिहास एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. गिटमध्ये भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास उतरतो. शिवाय प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण मिळते, आणि तिच्यात आधीच्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. जुन्या नोंदीत एक अक्षर जरी फिरविले, तरी पुढील सर्व खुणा बदलतात व लबाडी उघडी पडते. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य सर्व्हरांत परक्यांनी शिरकाव केल्याचे आढळले, तेव्हा मूळ आज्ञावलीविषयी फारशी चिंता करावी लागली नाही. कारण जगभर हजारो लोकांजवळ तिच्या प्रती होत्या व खुणा ताडून पाहता येत होत्या.

भांडार घरी कशासाठी?

असे भांडार ठेवण्याची सोय इंटरनेटवर अनेक कंपन्या विनामूल्य देतात, मग घरी यंत्र कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्या सेवा उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवलेले सामान आपल्या सोयीने राहत नाही. गूगल कोड ही अशीच एक मोठी सेवा होती. मार्च २०१५ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी वेळेवर आपले काम हलविले त्यांचे निभावले. घरी भांडार असेल, तर बाहेरची सेवा हा आपला एकमेव आधार राहत नाही. शिवाय बाहेरचे इंटरनेट बंद असले, तरी घरातील जाळ्यावर काम चालू राहते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. मी जे सांगत आहे ते आपल्या खाजगी, शैक्षणिक व अभ्यासाच्या कामाविषयी आहे. कार्यालयाचे अभिलेख घरच्या यंत्रावर नेणे योग्य नाही. त्यांची जागा कार्यालयाने नेमून दिलेल्या व्यवस्थेतच आहे. सार्वजनिक अभिलेखांच्या जतनाचे नियम कायद्याने घालून दिलेले आहेत, आणि चांगल्या हेतूने केलेला नियमभंगही नियमभंगच ठरतो.

यंत्र आणि त्याची मांडणी

जाळ्यावरील साठवण यंत्र, ज्याला बाजारात ‘नॅस’ म्हणतात, ते म्हणजे दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतील अशी एक लहानशी पेटी होय. तिला स्वतःचा प्रोसेसर व स्मृती असते आणि बहुतेक यंत्रांत लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली असते. दोन डिस्कच्या यंत्राला जुन्या धर्तीच्या छताच्या पंख्याहून कमी वीज लागते. पडदा व कळफलक यांची गरज नसते. तारेने राउटरला जोडून घरातील कोणत्याही संगणकावरून त्याची व्यवस्था पाहता येते.

यंत्र आणल्यावर प्रथम त्याला जाळ्यावर कायमचा पत्ता द्यावा. राउटर साधारणतः प्रत्येक उपकरणाला जो पत्ता देतो तो बदलू शकतो. आज १९२.१६८.१.१० या पत्त्यावर असलेले यंत्र उद्या दुसऱ्याच पत्त्यावर गेले, तर सर्वांची वाट चुकेल. म्हणून राउटरमध्येच त्या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवावा. दुसरी गोष्ट विजेची. लेखन चालू असताना वीज गेली, तर फायली अर्धवट राहण्याचा धोका असतो. त्यासाठी यूपीएस जोडावा, आणि तो शक्यतो यंत्राला तारेने संदेश देणारा असावा. असा संदेश मिळाला की बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र आपणहून व्यवस्थित बंद होते.

भांडाराची उभारणी

यानंतरचे काम पाच पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी म्हणजे यंत्रावर गिट बसविणे. सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या यंत्रांत ‘गिट सर्व्हर’ या नावाचे तयार पॅकेज असते. ते निवडून बसविले की झाले. ज्यांना ब्राउझरमध्ये भांडार पाहता यावे, चर्चा लिहिता यावी असे वाटते, त्यांना गिटी किंवा फोर्जेजो यांसारख्या मुक्त प्रणाली बसविता येतात. आरंभी मात्र साधी व्यवस्थाच बरी.

दुसरी पायरी खात्यांची. भांडारासाठी एक स्वतंत्र फोल्डर तयार करावे आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचे वेगळे खाते उघडावे. सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरणे म्हणजे सर्वांनी मिळून एकच सही करणे होय. व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामासाठी कधीही वापरू नये.

तिसरी पायरी दाराची. संगणक आणि यंत्र यांमधील वाहतूक एसएसएच या सुरक्षित मार्गाने व्हावी. यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. त्यातील एक भाग कुलपासारखा यंत्रावर बसवितात, दुसरा भाग किल्लीप्रमाणे आपल्या संगणकावर राहतो. किल्लीचा भाग कोणालाही देऊ नये. भांडाराचे फोल्डर नुसते सामायिक फोल्डर म्हणून संगणकावर उघडूनही गिट वापरता येते. परंतु मग कोणाच्याही हातून आतील फाईल नकळत पुसली जाऊ शकते. एसएसएचचा मार्ग त्यासाठीच पत्करावा.

चौथी पायरी भांडाराच्या जन्माची. यंत्रावर जे भांडार करावयाचे ते ‘बेअर’ म्हणजे निखळ भांडार असावे. त्यात फक्त नोंदवही असते, संपादनासाठी उघडलेल्या फायली नसतात. आज्ञा रोमन लिपीत टंकावी लागते. तिचा उच्चार ‘गिट इनिट’ असा असून तिला ‘बेअर’ आणि ‘शेअर्ड’ हे दोन पर्याय जोडावयाचे असतात. ‘शेअर्ड’मुळे गटातील सर्वांना लिहिण्याची परवानगी मिळते. त्याचबरोबर, आधी पोहोचलेल्या नोंदी डावलून नवा इतिहास लादण्याचा प्रयत्न भांडार नाकारते. नोंदवहीची पाने फाडता येऊ नयेत, अशीच ही तजवीज आहे. संपूर्ण शाखा पुसण्यावरही बंदी घालता येते. ती मात्र भांडाराच्या मांडणीत वेगळी नोंदवावी लागते, आणि ती अवश्य नोंदवावी.

पाचवी पायरी वापराची. प्रत्येकाने आपल्या संगणकावर ‘क्लोन’ या आज्ञेने भांडाराची प्रत उतरवून घ्यावी. काम करावे, बदल निवडावे, ‘कमिट’ या आज्ञेने नोंद करावी आणि ‘पुश’ने ती यंत्राकडे पाठवावी. काम सुरू करण्यापूर्वी ‘पुल’ने इतरांच्या नोंदी घ्याव्या. नोंदीचा मजकूर ‘बदल केला’ असा मोघम नसावा. ‘इयत्ता सातवी, भूगोल, प्रश्न १४ मधील नदीचे नाव दुरुस्त केले’ असे लिहिले, तर तीन वर्षांनीही त्याचा अर्थ लागेल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. नोंदीवर दिसणारे नाव लिहिणाऱ्याने आपल्या संगणकात स्वतःच घातलेले असते. ते नाव म्हणजे पुरावा नव्हे. जेथे जबाबदारी निश्चित करावयाची असेल, तेथे डिजिटल सहीच्या नोंदी करण्याची सोय गिटमध्ये आहे, तिचा उपयोग करावा.

मराठी मजकुरासाठी

गिट ओळींची तुलना करते. त्यामुळे साधा मजकूर आणि स्वल्पविरामांनी विभागलेले तक्ते यांसाठी ते उत्तम आहे. वर्डची फाईल, छायाचित्रे व चित्रफिती ठेवता येतात. परंतु कोणती ओळ बदलली ते त्यात सहज दिसत नाही, आणि मोठ्या फायलींच्या प्रत्येक आवृत्तीने भांडार फुगत जाते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तुलनेच्या वेळी निरर्थक रोमन अक्षरांचा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

फायलींना मराठी नावे दिली की गिट त्यांच्याऐवजी आकड्यांची लांबलचक रांग दाखविते आणि नवखा माणूस घाबरतो. काहीही बिघडलेले नसते. ‘कोअर-कोटपाथ’ नावाचा पर्याय बंद केला की देवनागरी नावे जशीच्या तशी दिसू लागतात. इतक्या लहान अडचणीमुळे आपली भाषा सोडून रोमन नावांकडे वळण्याचे कारण नाही.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. या यंत्रात दोन डिस्क एकमेकींच्या आरशाप्रमाणे ठेवता येतात. एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटते. एक डिस्क बिघडली, तर दुसरीवर काम चालू राहते. यावरून आपले काम सुरक्षित झाले असे पुष्कळांना वाटते. परंतु आरशासमोरचा दिवा विझला की आरशातलाही विझतो. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. आग, चोरी, वीज कोसळणे किंवा पुराचे पाणी या आपत्ती पेटीतील डिस्क मोजून येत नाहीत.

म्हणून महत्त्वाच्या कामाच्या किमान तीन प्रती असाव्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी, हा जगभर मान्य झालेला नियम पाळावा. गिटमुळे प्रत्येकाच्या संगणकावर एक प्रत आपोआप तयार होते, ही मोठी सोय आहे. तरीही यंत्रातील भांडाराची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि ती डिस्क घरात न ठेवता नातलगाकडे अथवा विश्वासू सहकाऱ्याकडे ठेवावी.

घरी असलेल्या प्रतीने काय होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण १९९८ सालचे आहे. पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढून पाहिल्या, तो त्याही सदोष निघाल्या. तांत्रिक विभागाच्या गॅलिन सुसमन यांना घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत ठेवलेली होती. तिच्या आधारे काम पुन्हा उभे राहिले. मोठ्या संस्थेची राखीव व्यवस्था जेथे अपुरी पडली तेथे घरची प्रत उपयोगी आली.

याच्या उलट उदाहरण जून २०१४ मधील आहे. ‘कोड स्पेसेस’ ही कंपनी इतरांची भांडारे सांभाळण्याचाच व्यवसाय करीत होती. तिच्या व्यवस्थापनाच्या खात्यात हल्लेखोर शिरला, त्याने खंडणी मागितली आणि अखेर माहितीबरोबर बहुतेक राखीव प्रतीही पुसून टाकल्या. कंपनीला काम बंद करावे लागले. मूळ आणि राखीव प्रती यांना एकच किल्ली लागत होती, हे त्या नाशाचे कारण. म्हणून बाहेरची डिस्क प्रत काढून झाल्यावर यंत्रापासून अलग करावी. जी जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही.

दार कोणासाठी उघडे?

२०१४ आणि २०२१ या वर्षी घरगुती साठवण यंत्रांवर खंडणीखोर आज्ञावलींचे मोठे हल्ले झाले. इंटरनेटवर थेट उघडी ठेवलेली यंत्रे अशा हल्ल्यांना प्रथम बळी पडतात. आपले यंत्र घरातील जाळ्यापुरतेच असावे. राउटरमधून त्याच्याकडे जाणारे दार उघडू नये. बाहेरगावाहून काम करणे अगदी आवश्यक असेल, तर व्हीपीएनच्या मार्गाने यावे. यंत्राच्या कार्यप्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्या.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. ही नोंदवही काही विसरत नाही. आज चुकून टाकलेला पासवर्ड अथवा विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी उद्या फायलीतून काढली, तरी जुन्या नोंदीत ती राहते आणि प्रत्येकाच्या प्रतीत उतरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ झाल्यापासून अशा माहितीविषयीची जबाबदारी अधिकच गंभीर झाली आहे. जे लिहून ठेवावयाचे नाही, ते प्रथमच लिहू नये.

परीक्षा प्रतीची

मित्रहो, यंत्र बाजारात मिळते आणि आज्ञा एका दिवसात शिकता येतात. शिस्त मात्र विकत मिळत नाही. राखीव प्रत आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्यातून काम परत मिळवून पाहिले आहे, असे सांगणारे थोडे. सहा महिन्यांतून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी बाहेरची डिस्क आणावी आणि ज्या संगणकावर आधी काहीही नाही अशा संगणकावर तिच्यातून भांडार उतरवून घ्यावे. नोंदी शाबूत आहेत की नाहीत, हे ‘गिट एफएससीके’ या आज्ञेने तपासावे, आणि चारदोन फायली उघडून डोळ्यांनीही पाहाव्या. ही तपासणी कोणी, केव्हा केली याचीही नोंद ठेवावी. ज्या प्रतीची अशी परीक्षा झालेली नाही, ती प्रत म्हणजे केवळ एक आशा आहे.

हे काम एकट्यावरही सोपवू नये. किमान दोघांना ते संपूर्ण येत असावे. कारण शिक्षकांची बदली होते, सदस्यांची मुदत संपते, आणि ज्याला एकट्यालाच किल्ली ठाऊक आहे तो गेला की भांडार असून नसल्यासारखे होते. व्यवस्थेची माहिती एका कागदावर मराठीत लिहून ठेवावी, आणि पासवर्ड लखोट्यात बंद करून सुरक्षित जागी ठेवावा.

आपल्या वाडवडिलांनी कागदावर जपलेल्या नोंदींच्या बळावर आज आपण आपल्या जमिनीचा हक्क सांगू शकतो. संगणकावर आपण जे ज्ञान आज एकत्र करीत आहोत, ती प्रश्नपेढी, तो शब्दसंग्रह, पावसाची ती निरीक्षणे, त्यांवर पुढच्या पिढीलाही असाच हक्क सांगता आला पाहिजे. या वर्गातून परत गेल्यावर प्रत्येक केंद्रातील दोघांनी मिळून असे एक भांडार उभारावे आणि सहा महिन्यांनी त्याची प्रत परत मिळवून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.